प्रायमरचा हलका हात

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

हवा दमट. रंगाचं काम होणार नाही.

चौतीस वर्षं कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये शिफ्टची लॉगबुक भरली. पहिली ओळ हवेची. सवय जात नाही, म्हणून इथंही तिथूनच सुरुवात केली. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. घरात बोलायला कोणी नाही, तर म्हटलं, कागदाशी बोलून पाहू. कागद उलटून बोलत नाही.

बायको, इंदू, पुण्याला मुलाकडे जाऊन अकरा महिने झाले. आमच्या सूनबाईचं, अश्लेषाचं, बाळंतपण होतं. "सव्वा महिना झाला की येते," असं सांगून गेली. मग नात लहान आहे, मग अश्लेषाची नोकरी सुरू झाली, मग पाळणाघर बरोबर नाही. आता म्हणते, दुर्वाचा पहिला वाढदिवस होऊ द्या, मग पाहू. वाढदिवस चोवीस नोव्हेंबरला. मी जाणार आणि इंदूला घेऊन येणार. परतीची दोन तिकिटं काढायची आहेत, दोन्ही खालचे बर्थ, तिचे गुडघे दुखतात.

आज वेदांगचं, आमच्या मुलाचं, कपाट सरकवलं. मागच्या भिंतीला ओल आली आहे. जबलपूरच्या या गढा भागातली सगळीच घरं एकमेकांना चिकटून, ऊन कुठून येणार. खालच्या कप्प्यात त्याच्या शाळेच्या वह्यांखाली एक डबा सापडला. डॉज चॅलेंजर, १९७० सालची अमेरिकेची गाडी. प्लास्टिकचे सुटे भाग जोडले की वीतभर मॉडेल तयार होते. या जातीच्या गाड्यांना मसल कार म्हणतात, असं तो तेव्हा सांगायचा. लांब नाक, आणि आत ट्रकला लाजवेल एवढं इंजिन. पंधरा वर्षांचा होता, मामानं पाठवली होती. अर्धी जोडलेली, केशरी रंग मारलेला, दारावर ओघळ. आणि टपावर माझी पिवळी फुली.

पाहून हसूच आलं. कारखान्यात मी फायनल इन्स्पेक्शनला होतो. ट्रकच्या केबिनवर ओघळ दिसला, धूळ बसलेली दिसली, की पिवळ्या मार्करनं फुली मारायची आणि खाली लिहायचं, रिवर्क. लोक मला क्रॉस बाबू म्हणत. वेदांगनं रंग मारून गाडी दाखवायला आणली तेव्हा तिच्यावरही तशीच फुली मारली होती. गंमत म्हणून. पत्र्यावरची फुली थिनरनं पुसून जाते, त्याच्या रंगावरची गेली नाही. त्यानंतर त्यानं ते काम काहून सोडलं कोण जाणे. पोरांना चिकाटी नसते.

बुधवार, १७ सप्टेंबर

विश्वकर्मा पूजा. कारखान्यात आज मशिनी धुवून फुलं वाहतात, बुंदी वाटतात. मी घरी माझ्या स्प्रे गनची पूजा केली. छोटा कॉम्प्रेसर आहे, शेजाऱ्यांचे कूलर रंगवायला घेतला होता, त्यालाही कुंकू लावलं. बुंदी आणली पाव किलो. ती दोन दिवस मलाच संपवावी लागेल.

ठरवलं. चॅलेंजर पुरी करायची आणि वाढदिवसाला पुण्याला न्यायची. वर्षाच्या पोरीला त्यातलं काय समजणार, पण वेदांगला समजेल. आणि इंदूलाही दिसेल की माणूस नुसता बसून नाही. निघताना म्हणाली होती, "मी नसले की तुम्ही कोणाच्या चुका काढाल?" थट्टेखोर आहे.

तिचा फोन आला. चष्म्याचा जुना नंबर पाहिजे होता, फाइल शोधून वाचून दाखवला. दोन मिनिटं बोलली. हिवाळ्याआधी शाल पाठवा म्हणाली. जूनमध्ये शिलाई मशीन मागवली, ती मी अशी पॅक केली की ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, "बाबूजी, इसमें तो अंडे भी पहुँच जाएँगे।" झबली शिवायला लागते म्हणे. एका पोरीला किती झबली लागतात.

रविवार, २१ सप्टेंबर

वेदांगचा रविवारचा फोन. त्याला सांगितलं, तुझी चॅलेंजर सापडली.

"ती अजून आहे?" म्हणाला.  

"आहे ना. पुरी करून राहिलो."

"फेकून द्या बाबा."

"काहून फेकू? थोडं रिवर्क केलं की पास होते."

त्याला मीटिंग होती म्हणून फोन ठेवला. रविवारची कसली मीटिंग, या कंपन्यांचं काही समजत नाही.

केशरी रंग पाण्यात रेगमालचा खरखरीत कागद भिजवून घासून काढला. चार तास गेले. ओघळ गेला, फुली गेली. बॉनेटच्या खाली गोंदात एक अंगठा उमटला आहे, बारीक रेघांसकट. वेदांगचाच असणार. तोही घासून टाकला, डिफेक्ट आहे शेवटी.

रविवार, २८ सप्टेंबर

हवा कोरडी, ऊन कडक. आज प्रायमर, रंगाच्या खालचा थर.

आधी सोनीच्या रंगाच्या दुकानात गेलो. करडा प्रायमर आणि थिनर मागितलं, ट्रकला वापरतो तेच. सोनी म्हणाला, "प्लास्टिक के लिए अलग आता है बाबूजी।" मी म्हटलं, "भैया, चौंतीस साल यही काम किया है।" त्यानं डबे काढून दिले.

गच्चीवर खोक्याचं बूथ केलं. पहिला हात ओला आणि जाड, दुसराही तसाच. प्रायमर पातळ ठेवला तर पत्रा दोन पावसाळे काढत नाही, हे मी शेकडो लोकांना शिकवलं आहे. गन हातात धरली आणि मनगट आपोआप चाललं. जीव खुश झाला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा जेवताना टीव्ही लावला नाही.

इंदूला फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला.

सोमवार, २९ सप्टेंबर

टप खाली बसला.

सकाळी पाहिलं तर मधोमध खड्डा, कच्च्या इडलीला बोट लावल्यासारखा. सगळ्या अंगाला सुरकुत्या. दारांच्या खाचा मिटल्या, दार कुठं आणि पत्रा कुठं समजत नाही. थिनरनं प्लास्टिक विरघळवलं. आणि करड्यातून पिवळी फुली वर आली आहे. घासून काढली होती ना मी ती.

या प्लास्टिकमध्ये दमच नाही.

मंगळवार, ३० सप्टेंबर

काल लिहिलं ते खोटं आहे. सोनीनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

वेदांगची गाडी मी जाळली. त्याला कसं सांगू?

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. कुंदा आली, इंदूची धाकटी बहीण, दीक्षितपुऱ्यात राहते. सोनं दिलं, पुरणपोळ्यांचा डबा ठेवला. मी म्हटलं, पोळी जरा जाड झाली. ती म्हणाली, "भाऊजी, आयता डबा आला की नुसतं खावं." मग बिघडलेल्या गाडीकडे पाहून विचारलं, हे काय? सांगितलं. हसेल असं वाटलं, हसली नाही.

"पाण्यातून काढलेला साबण दिसून राहिला. आता?"

"दुसरा डबा मागवतो. वेदांगला सांगू नको."

"मी काहून सांगू. तुम्हीच सांगा."

ती गेल्यावर घर खायला उठलं. एरवी सणाला इंदूच्या मैत्रिणी येत, मला त्यांच्या गप्पांचा त्रास व्हायचा. आज दारावर कोणी आलं नाही. एकटं वाटते. लिहून टाकलं.

सोमवार, ६ ऑक्टोबर

नागपूरच्या एका दुकानाचा नंबर मिळाला, अशा मॉडेलांचं. मालकीणबाई बोलल्या, विनताताई. आवाजावरून माझ्याच वयाच्या, आणि जिभेला हाड नाही.

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही ट्रक रंगवून राहिले होते का?"

"हौ. चौतीस वर्षं."

"तरीच. दादा, हे गंज चढणारं सामान नाही. याच्या प्रायमरचं काम झाकणं नाही. रंगाला धरायला जागा देणं, एवढंच. एकदम हलका हात. पहिल्या हातानंतर वाटलं पाहिजे की काही झालंच नाही. मग थांबायचं. मग पुन्हा."

"आणि खाली डिफेक्ट असला तर?"

"तर दिसेल. दिसू द्या."

मला कोणी शिकवलेलं चालत नाही, पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी त्यांचं बोलणं कागदावर उतरवून घेतलं होतं. चॅलेंजर त्यांच्याकडे एक शिल्लक होती. खास प्लास्टिकच्या प्रायमरचा स्प्रे-डबाही पाठवते म्हणाल्या.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

डबा आला. शंभरावर तुकडे, प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले. नेलकटरनं एकेक सोडवायचा, कापल्याची खूण घासायची, मग चिकटवायचा. कागदावर चित्रं आहेत, लिहिलेलं जवळपास काही नाही.

इंजिनला दोन तास लागले. एक पंखा मिळेना, तासभर जमिनीवर पालथा पडून शोधला, तो माझ्याच बाहीला चिकटलेला होता. हसू आलं. हसल्यावर मान वळवून पाहिलं, कोणाला सांगावं म्हणून.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

काल लक्ष्मीपूजन झालं. पणत्या लावल्या सहा. इंदू असताना एकवीस लागायच्या, मी त्यांची रांग सरळ करत फिरायचो.

रात्री पुण्याहून व्हिडिओ आला. दुर्वाला पिवळा फ्रॉक, तिच्या आजीनंच शिवलेला. मागं मशीनवर कापडांचे गठ्ठे. अश्लेषा म्हणाली, सोसायटीतल्या बायका ब्लाउज शिवायला देतात, आईंना वेळ पुरत नाही. मी म्हटलं, गुडघे सांभाळ. इंदू म्हणाली, "हौ." शिलाई एका बाजूला ओढलेली वाटली फ्रॉकची, तेही सांगितलं. तेव्हा तिथं सगळेच एकदम दिवाळीचं काही बोलायला लागले.

आज सकाळी तिचा पुन्हा फोन. देवघरातली अन्नपूर्णा पाठवा म्हणाली. तिच्या आईनं लग्नात दिलेली, चांदीची, बोटभर. मी म्हटलं देव कुरिअरनं पाठवतात का, मीच घेऊन येतो वाढदिवसाला. "बरं," म्हणाली. वाढदिवसाच्या पूजेला हवी असणार. तिथं काय दुकानात मूर्ती भेटत नाही? पण बायकांचं आपल्या देवावर मन असते.

सोमवार, २७ ऑक्टोबर

बॉडी चासीवर बसवली. मागचा बंपर डाव्या बाजूला केसभर उघडा राहिला. काढून पुन्हा लावला, तर गोंद बाहेर आला आणि माझा अंगठा उमटला.

चष्मा लावून, भिंग घेऊन, कारखान्यात पाहायचो तसं सगळ्या बाजूंनी पाहिलं. नऊ चुका निघाल्या. पंधरा वर्षांच्या पोराच्या गाडीत एक ओघळ होता. माझ्या गाडीत, चौतीस वर्षांच्या अनुभवानंतर, नऊ. हात कापतो म्हणावं तर तेव्हा त्याचाही कापला असेल.

बंपर तिसऱ्यांदा काढायचा विचार केला. पण काढला असता तर तुटला असता, आता प्लास्टिक किती सोसते ते मला समजते. तसाच ठेवला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हवा थंड, कोरडी. नर्मदेकडून वारा नाही. प्रायमर.

विनताताईच्या सांगण्यानुसार स्प्रेचा डबा कोमट पाण्यात ठेवला, मग हलवला. वीतभर अंतर. गाडीच्या आधी सुरू करायचं, गाडीच्या पुढं जाऊन थांबायचं, मध्ये हात थबकू द्यायचा नाही. एक हात मारला. खालचं पांढरं प्लास्टिक जसंच्या तसं दिसत होतं, वर थोडी करडी भुकटी उडाल्यासारखी. जीव असा तळमळला की आणखी एक ओढावा. खाली गेलो, चहा केला, पिऊन वर आलो. दुसरा हात. पुन्हा खाली. भाजी चिरली. तिसरा हात.

संध्याकाळी पाहिलं. सगळीकडे सारखा करडा, दारांच्या खाचा शाबूत, हँडलची बारीक कड शाबूत. नऊच्या नऊ चुकाही शाबूत. बंपरची फट आणि माझा अंगठा दोन्ही दिसतात. तरी सुंदर दिसली. मी कधी कारखान्यात एका केबिनला सुंदर म्हटलं नाही. पास म्हणायचो.

रविवार, ९ नोव्हेंबर

कुंदा आली होती. गाडी हातात घेऊन पाहिली. मी सगळं सांगत बसलो, पुण्याचा बेत, परतीचे दोन बर्थ, इंदू आली की आधी ओल आलेली भिंत करून घेऊ. मग म्हटलं, तिनं अन्नपूर्णाही मागितली आहे, ती मऊ कापडात बांधून ठेवली.

कुंदानं गाडी टेबलावर ठेवली. "अन्नपूर्णा मागितली?"

"हौ. पूजेला."

"भाऊजी, बाई माहेरून अन्नपूर्णा घेऊन सासरी येते. गौरीहरापुढं तिलाच पूजत बसलेली असते. ती ज्या घरी, ते तिचं घर. ताईनं मागून घेतली आणि तुम्ही कापडात बांधून ठेवली?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"ती येणार नाही."

"तुला म्हणाली?"

"मला एप्रिलमध्येच म्हणाली. तुम्हाला सांगायचं तिच्या जिवावर येते. तुम्ही विचारत नाही, तर ती कशी सांगणार? तुम्ही नुसतं तिकीट काढता."

मी ओरडलो. चाळीस वर्षं मी काय कमी केलं, दारू नाही, हात उचलला नाही, पगार आणून हातात दिला. कुंदा दारात चप्पल घालताना म्हणाली, "तिथं तिच्या पोळीला कोणी नाव ठेवत नाही."

शनिवार, १५ नोव्हेंबर

पाच दिवस लिहिलं नाही. कुंदावर राग होता. इंदूचे दोन फोन उचलले नाहीत. आता राग संपला आणि त्याच्या खाली स्वतःवरचा भरवसाही उरला नाही.

आठवून राहिलो. पोळी करपली की मी ताटातच म्हणायचो, रिवर्क. ब्लाउजची शिवण उलटी करून पाहायचो. तिनं भिंतीवर फोटो लावला की दोन बोटं डावीकडे. ती हसायची, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. हसायची का? तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर पोळीच आठवते, पोळीवरचा काळा डाग. तिच्या तोंडाकडे मी पाहतच नव्हतो.

आणि वेदांग. तो गाडी दोन्ही तळहातांवर घेऊन आला होता, रंग ओला होता म्हणून. एवढं मला आता स्वच्छ दिसून राहिलं. मी खिशातून मार्कर काढला.

याला गंमत म्हणत होतो मी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

विनताताईचा फोन, रंग कोणता पाठवू विचारायला. म्हटलं, नको.

"अहो, प्रायमरवरच सोडणार का? अर्धवट दिसेल."

"रंग ज्याची गाडी त्यानं मारावा."

 "मग प्रायमरला हात लावू नका, बोटांचं तेल लागते," म्हणाल्या. मऊ कापड, खोका, चारही बाजूंनी थर्माकोल. पॅकिंग तेवढं मला आजही कोणी शिकवू शकत नाही.

इंदूला फोन केला. तिला वाटलं मी आजारी आहे. नाही म्हटलं. येतो बावीसला.

सोमवार, २४ नोव्हेंबर. पुणे

वाढदिवस झाला. दुर्वा माझ्याकडे यायला तयार नाही, मिशी पाहून रडते. आठवडाभर आधी यायला पाहिजे होतं म्हणजे ओळख झाली असती.

घरात शिरल्या शिरल्या इंदूच्या हातात अन्नपूर्णा दिली. म्हटलं, तुझी आहे, घे. ती बराच वेळ कापडाची गाठ सोडत राहिली. तिच्या तोंडाकडे पाहत होतो. केस जास्त पिकले आहेत तिचे, आणि गाल भरले आहेत. इथं तिला मानवलं आहे. दिसलं ते दिसलं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर वेदांगसमोर खोका ठेवला. आधीच सांगून टाकलं, "तुझी गाडी मी बिघडवली. ट्रकचा प्रायमर मारला, टप विरघळला. ही दुसरी आहे, मी जोडली."

त्यानं ती उचलली. वीस मिनिटं... नाही, वीस मिनिटं नसतील, मला वाटली. टप पाहिला, खाचा पाहिल्या, उलटी केली. मागच्या बंपरवर येऊन थांबला. फट त्याला दिसली, मला समजलं. अंगठाही दिसला.  इतक्या लोकांच्या कामासमोर मी उभा राहिलो, आपलं काम कोणाच्या हातात देऊन उभं राहणं काय असते ते मला या वयात समजलं.

त्यानं फटीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "रंग?"

"तो तुझा. मी पाहायला येणार नाही."

"या ना," म्हणाला. एवढंच. गाडी त्यानं टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवली, दुर्वाचा हात पुरणार नाही अशी.

बुधवार, २६ नोव्हेंबर. गाडीत

दुपारी निघालो. चार दिवसांत पन्नास वेळा तोंडापर्यंत आलं, चल म्हणावं. म्हटलं नाही. मला वाटलं, न विचारणं हाच शहाणपणा. तिला नाही म्हणायचा त्रास कशाला? मशीनवर बसलेली असायची, मी शेजारी बसून दोरे गुंडाळत होतो. एक शिवण वाकडी गेली, मी काही बोललो नाही. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं, मग स्वतःच ती शिवण उसवली.

निघताना दाराशी आली, हातात डबा. अश्लेषा दुर्वाला घेऊन आत गेली. इंदू म्हणाली, "काहून नाही विचारलं?"

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय."

"तू नाही म्हटलं असतं."

"हौ," म्हणाली. "नाहीच म्हटलं असतं."

वेदांग खाली हॉर्न वाजवून राहिला होता. मी डबा घेतला आणि लिफ्टमध्ये शिरलो. समोरचा बर्थ रिकामा आहे. टीसीला सांगितलं, यायचं माणूस आलं नाही, कोणाला लागला तर द्या.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. गाडीत

रात्रभर झोप नाही. मी तिचं मन जपतो असं समजून बसलो होतो. मी माझंच जपलं. नाही ऐकायची माझी ताकद नव्हती, म्हणून विचारलं नाही. तिला मात्र कोणी तरी चल म्हणायला पाहिजे होतं.

सकाळी इटारसी आलं. चहा घेतला आणि फोन लावला.

"इंदू, येतेस का जबलपूरला? माझ्यासोबत राहायला."

"नाही," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं. फोन ठेवायचा म्हणून कानापासून काढला, तर आतून आवाज येऊनच राहिला होता. डबा खाल्ला का विचारून राहिली होती. मग म्हणाली, काल एका बाईचं ब्लाउज बिघडलं, पूर्ण बाही उलटी लागली, ती बाई आणि ती दोघी हसत बसल्या. मग दुर्वानं माझी चप्पल दारात शोधली, ते सांगितलं. मग गुडघ्यांचं, मग अश्लेषाच्या आईचं. मध्ये रेंज गेली तर तिनंच परत लावला. पिपरिया आलं, लोक उतरले, चढले, ती बोलून राहिली होती.